खरडच्या रस्त्यावर लागलेला लाल दिवा

मी चंदीगडला जाणार हे कळल्यावर सांगलीत लोक मला जेवायला बोलवू लागले. एरवी ज्यांनी कधी साधा चहा विचारला नव्हता, त्यांनीही श्रीखंड केलं. दहशतवादाच्या त्या वर्षांत पंजाब म्हटलं की पेपराच्या पहिल्या पानावरचा मेलेल्यांचा आकडा डोळ्यांपुढे यायचा, आणि मी त्या आकड्यात भर घालायला निघालेली बाई होते. शेजारच्या काकूंनी तर सरळ सांगितलं, "परत आलीस तर फुलकारीची ओढणी आण." आलीस तर! मी शाळेत भूगोल शिकवते. चंदीगड ही पंजाब आणि हरयाणा या दोन राज्यांची राजधानी असून ते स्वतः केंद्रशासित आहे, हे मी काकूंना नीट समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिन्ही बाजूंनी भीती."

माझा थोरला भाऊ तिथे सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तयार होतात. उष्णता, दाब, कंप, काय वाटेल ते मोजून देणारी माणसं तिथे काम करतात. त्यांतला एक माझा दादा. लहानपणी आईनं दिलेल्या लाडवांचंही त्यानं वजन केलं होतं, आणि माझा मोठा निघाला म्हणून रडला होता.

सेक्टर तीस

चंदीगड हे शहर चौकटीच्या वहीवर पट्टी ठेवून काढलंय. रस्ते सरळ, झाडं रांगेत, घरं एका साच्यातली. आमच्या सांगलीत पत्ता सांगायचा तर मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून दोन भांडणांचा इतिहास सांगावा लागतो. इथे नुसता आकडा सांगतात आणि माणूस पोचतो. मी मात्र पहिल्याच सकाळी भाजी आणायला गेले आणि परत येताना तिसऱ्याच माणसाच्या अंगणात शिरून "वहिनी, कोथिंबीर मिळाली बरं का" असं ओरडले. एका सरदार आजोबांनी खुर्चीवरून उठून मला नमस्कार केला आणि पाणी विचारलं.

वहिनी मला सारखी सांगत होती, "पेपरात उगाच छापतात गं. इथे सगळं नॉर्मल आहे." हे सांगतानाच ती आज कोणता रस्ता बंद आहे, दुकानं किती वाजता शटर ओढतील, मोठ्या चौकात कुठल्या बाजूनं जायचं म्हणजे वाळूच्या पोत्यांमागच्या बंदुका आपल्या दिशेला नसतात, हेही सांगायची. अंधार पडायच्या आत दूध, भाजी आणि नवरा घरात आला पाहिजे, हा तिचा नियम. बाकी सगळं नॉर्मल.

दादाकडे एक जुनी गाडी होती. आधीच्या बदलीच्या गावी कुणाकडून तरी घेतलेली, रंग मुळात कोणता होता यावर घरात दोन मतं. तिच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागायचा. इंजिनातल्या ऑइलचा दाब उतरला की तो लागतो, आणि लागला की गाडी तिथल्या तिथे बंद करायची असते, इतकं मलासुद्धा माहीत होतं. हा दिवा गाडी वेगात असताना विझायचा आणि सिग्नलला थांबली की लागायचा. दादानं ऑइल बदललं, दिवा लागला. फिल्टर बदलला, दिवा लागला. एका मेकॅनिकनं तो आठ दिवस घालवला, नवव्या दिवशी तो परत आला. शेवटी वहिनीनं आपल्या कपाळाची मोठी टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. म्हणाली, "मला बघवत नाही." दादानं ती काढली नाही.

"दादा, अरे दिवा लागतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय ना?" मी विचारलं.

"दिवा लागतोय म्हणजे दिवा बिघडलाय," दादा म्हणाला. "ऑइलचा दाब मोजणारा स्विच असतो, तो खोटं बोलतोय. मी रोज अशीच खोटारडी यंत्रं बघतो."

त्याच्या बाजूच्या टेबलावर बसणारा हरजिंदर याच्या बरोबर उलट म्हणायचा. हरजिंदर पस्तिशीचा, उंच, करड्या पगडीचा, अविवाहित. दादाच्याच हुद्द्यावर होता. खोली जवळच होती, पण संध्याकाळचा चहा वहिनीच्या हातचा, आणि चहाबरोबर दादाशी वाद. "जोगळेकर, स्विच सच्चा है. तेरा इंजन बुड्ढा हो गया है. बेअरिंग घिस गए, दाब कहाँ से आएगा?" डॉक्टरेट मिळवलेली दोन माणसं रोज एका गाडीवरून भांडायची, आणि दोघांपैकी एकही तिचं बॉनेट उघडून हात काळे करत नव्हता.

त्या आठवड्यात मात्र त्यांनी ठरवलं की मोजायचंच. हरजिंदरची आई खरडला राहते. मोहालीच्या पलीकडचं ते गाव, फार लांब नाही. रविवारी तिनं आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. दादा म्हणाला, त्याच फेरीत प्रयोग करू. इंजिनला दुसरा दाबमापक बसवायचा, त्याच्या तारा आत आणायच्या आणि काट्याचं मीटर पुढच्या सीटवरच्या माणसानं हातात धरायचं. लाल दिवा लागेल तेव्हा काटा काय सांगतो ते बघायचं. मीटर बसवायला त्याला एक पेटी हवी होती. त्यानं स्वयंपाकघरातून वहिनीचा स्टीलचा डबा उचलला, झाकणाला गोल भोक पाडलं, आत बॅटरीचे सेल आणि मीटर बसवलं, आणि बाजूनं एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा काढल्या.

वहिनी डब्याकडे बघत राहिली. आधी तिला डबा गेल्याचं दुःख झालं. मग तिनं त्या तारा पाहिल्या.

"अहो, हे कशासारखं दिसतंय कळतंय का तुम्हाला?"

"मीटरसारखं," दादा म्हणाला.

"रस्त्यात नाके असतात."

"नलू, नाक्यावरचे लोक काय अडाणी आहेत? समजावून सांगू."

खरडचा रस्ता

रविवारी निघालो. दादा गाडी चालवत होता, शेजारी हरजिंदर मांडीवर डबा घेऊन बसला होता आणि मागे आम्ही दोघी. बॉनेटच्या फटीतून निघालेल्या तारा खिडकीतून आत येऊन त्याच्या मांडीवरच्या डब्यात शिरत होत्या. एप्रिल संपत आला होता. दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी चाललेली, हवेत भुसा, आणि त्या उन्हातही रस्त्याकडेला उसाचा रस पिणारी माणसं. इतकं सोनेरी शेत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तसं म्हटलंही, पण पुढचे दोघे शास्त्रज्ञ शेताकडे बघत नव्हते.

"पूरा दाब है," हरजिंदर म्हणाला.

"बघ! मी म्हटलं होतं."

"अभी गाडी भाग रही है. रुकने दे, फिर देखना."

मोहाली मागे टाकल्यावर पुढे नाका दिसला. रस्त्यावर आडवेतिडवे ठेवलेले ड्रम, वाळूची पोती, त्यांच्या मागे जवान. दादानं वेग कमी केला. तेवढ्यात वहिनीची टिकली उन्हानं सुटून दादाच्या मांडीवर पडली आणि तिच्या जागी लाल दिवा लखलखला.

"काटा?" दादा ओरडला.

"ज़ीरो! बिलकुल ज़ीरो! इंजन बंद कर, यार, जल जाएगा!"

ज्या माणसानं कित्येक महिने त्या दिव्याचं ऐकलं नव्हतं, त्यानं त्या क्षणी ऐकलं. करकचून ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं. नाक्याच्या अलीकडे, ऐन रस्त्यात, पोत्यांमागच्या बंदुकांच्या समोर.

पुढचं फार भराभर झालं. शिट्ट्या, पळत येणारे बूट, "हाथ ऊपर! बाहर!" हरजिंदर दार उघडून बाहेर आला, तेव्हा डबा त्याच्या हातातच होता, कारण तो खाली टाकावा तर काय होईल याची त्यालाच खात्री नव्हती. कुणीतरी ओरडलं, "बम है!" सगळे मागे पळाले आणि मग लांबून सात-आठ बंदुका त्या एका माणसावर रोखल्या गेल्या. त्यानं डबा अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा रस्त्यावर ठेवला. त्याला डब्यापासून लांब चालत येऊन पालथं पडायला सांगितलं. तो पडला. हात डोक्यामागे, गाल तापलेल्या डांबरावर.

त्या नाक्यावर आमचा पाहुणचार तीन प्रकारांनी झाला. हरजिंदर रस्त्यावर पालथा. दादा गाडीला टेकून, हात वर करून उभा. आणि आम्हा दोघींना एका जवानानं कडुलिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं आणि मटक्यातलं पाणी दिलं.

नाक्याचा प्रमुख मिशाळ, घामेजलेला माणूस होता. दादा त्याला समजावून सांगू लागला. "देखिये, ये ऑइल का प्रेशर का मीटर है. इंजन में जो बेअरिंग होता है ना..." हात वर होते, पण माझ्या भावाचं व्याख्यान थांबत नव्हतं. त्या माणसानं हात वर करून त्याला गप्प केलं.

"एक बात पूछी है. डिब्बा किसका है?"

दादानं डब्याकडे पाहिलं. मग रस्त्यावर पालथ्या पडलेल्या हरजिंदरकडे पाहिलं.

"इनकी गोद में था," तो म्हणाला.

हरजिंदरच्या पाठीशी एक जवान उभाच होता. दादाचं वाक्य संपताच जवानानं बूट हरजिंदरच्या खांद्यावर टेकवला. हरजिंदरनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

माझ्या शेजारी बसलेली वहिनी, जी झुरळ दिसलं तरी पलंगावर चढते, ती उठली. पदर खोचला आणि बंदुकांच्या मधून चालत सुटली. "रुकिये! बहनजी, रुकिये!" ती थांबेना.

"डब्बा मेरा है," ती म्हणाली. "मेरे घर का है. इन्होने," ती दादाकडे बोट दाखवून म्हणाली, "इन्होने उसमें छेद किया. उस पर मेरा नाम है. पढ़ लो."

कुणी जवळ जायला तयार नव्हतं. अखेर प्रमुखानं दुर्बीण मागवली, आणि पोत्यांच्या आडून त्यानं डब्यावर कोरलेली अक्षरं एकेक करून वाचली. "सौ... नलिनी... हिस... मंगळा... गौरी..." त्यानं दुर्बीण खाली घेतली. "ये मंगला गौरी कौन है?"

"देवी है," वहिनी म्हणाली.

"देवी कहाँ रहती है?"

मला हसू आलं. त्या जागी, त्या क्षणी, पोटातून हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर वहिनीच्या पहिल्या मंगळागौरीला आमच्या मामींनी दिलेला डबा होता तो. वहिनीनं त्या माणसाला मंगळागौर म्हणजे काय, ती श्रावणात कशी पुजतात, नव्या नवरीला भेट काय देतात, सगळं आपल्या हिंदीत सांगितलं. तो सासुरवाडीला बसल्यासारखा ऐकत होता. मग त्यानं ठरवलं की ज्यानं भोक पाडलं त्यानंच डबा उघडावा. सगळे पोत्यांमागे गेले. दादा एकटा पुढे गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं झाकण काढलं. आत सेल, मीटर आणि तळाशी राहिलेली थोडी हळद.

प्रमुखानं डबा दोन्ही हातांनी वहिनीला परत दिला. दादाला म्हणाला, "साइंटिस्ट साहब, गाड़ी ठीक करवाओ." हरजिंदरला तो काहीच म्हणाला नाही. एका जवानानं त्याला बुटानं डिवचलं, म्हणजे त्यानं उठायचं.

खरड

इंजिन निवल्यावर गाडी चालू झाली. दादानं दोनदा घसा खाकरला. गाव जवळ आलं तेव्हा शेतातल्या एका ट्यूबवेलपाशी हरजिंदरनं गाडी थांबवायला सांगितली. त्याची पगडी सैल होऊन एका बाजूला कलली होती. त्यानं तोंड धुतलं, पगडी सोडली आणि नव्यानं बांधायला घेतली. पगडीचं लांब कापड ताणून घडी करायला दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. दादा लगबगीनं पुढे झाला आणि त्यानं हात पुढे केला.

हरजिंदरनं ते टोक गाडीच्या दाराच्या हँडलला बांधलं.

त्याच्या आईला सगळे बीजी म्हणतात. ठेंगणी, पांढरी ओढणी, चालताना एक गुडघा दुखणारी. आम्हाला उशीर झाला म्हणून ती दारातच उभी होती. मुलाच्या शर्टाच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यांना धूळ होती, धुऊनही न गेलेली.

"ये क्या हाल बनाया है?"

"गाड़ी ख़राब हो गई थी, बीजी. नीचे घुसना पड़ा."

"नए कपड़ों में?" ती त्याला रागावली. मग दादाला रागावली, की असली गाडी ठेवतोस कशाला. दादानं मान खाली घालून ऐकलं. त्याला एवढं आनंदानं रागावून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवायला पकोड्यांची कढी होती, भात, भरलेली कारली, कैरीचं लोणचं आणि पितळेच्या मोठ्या ग्लासांतून लस्सी. कढी म्हणजे आपल्याकडे भाताच्या कडेनं लाजत वाहणारी. ही कढी ताटाची मालकीण होती. आपल्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात आणि नको म्हटल्यावर सुटकेचा श्वास सोडतात. इथे नको म्हणायला तोंड उघडलं तर त्यात पकोडा पडतो. वहिनी पोटभर जेवली. दादानं कारली चिवडली. हरजिंदर मजेत बोलत होता, आईला हसवत होता, गाडीच्या खाली घुसल्याची गोष्ट रंगवून सांगत होता. कोणता नट निघाला, कोणता अडकला, सगळं तपशीलवार.

मी ताटं उचलून आत नेली. बीजी चुलीपाशी बसून दूध तापवत होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं,

"लड़के को कितनी देर लिटाया उन्होंने?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण त्या बाईपुढे ते टिकलं नसतं.

"थोड़ी देर," मी म्हटलं.

"मारा?"

"नहीं."

"चंगा." तिनं दुधावरची साय चमच्यानं बाजूला केली. "पिछली बार मारा था. तब कहता था, स्कूटर से गिर गया." मग तिनं प्रथमच वर पाहिलं. "उसको मत बताना मैंने पूछा. वो समझता है मुझे कुछ पता नहीं. समझने दे."

निघताना दादा गाडीचं दार उघडून हरजिंदरची वाट बघत उभा राहिला. हरजिंदर ओट्यावरून उतरला नाही. "तुम लोग चलो," तो म्हणाला. "मैं सुबह बस से आऊँगा. मेरे साथ फिर देर लगेगी."

परत

त्या नाक्यावर आम्हाला कुणी अडवलं नाही. जवानानं वहिनीला ओळखून हसून हात केला आणि पुढे जा म्हणाला. दादानं मात्र ड्रम ओलांडून गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि त्या मिशाळ प्रमुखाकडे चालत गेला. ज्यानं रेशनच्या दुकानदाराशीही कधी वाद घातला नाही, तो माझा भाऊ हातवारे करून काहीतरी बोलत होता. ऐकू येत नव्हतं. प्रमुख खुर्चीत बसून ऐकत होता आणि उसाचा रस पीत होता. थोड्या वेळानं दादा परत आला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"काय बोललात?" वहिनीनं विचारलं.

"म्हटलं, त्या माणसाची माफी मागा."

"मग?"

"म्हणाला, लेडीज़ को धूप में मत बिठाओ, घर जाओ."

पुढच्या आठवड्यात इंजिन उघडलं. बेअरिंग झिजली होती आणि स्विचही बिघडला होता. म्हणजे दोघेही बरोबर ठरले, आणि दोघांनाही त्याचा काडीचा आनंद झाला नाही. हरजिंदर चहाला येईनासा झाला. लॅबमध्ये बोलायचा, कामाचं बोलायचा. दादा घरी आल्यावर आरशासमोर उभा राहून हिंदीत वाक्यं जुळवायचा, आणि मला विचारायचा, "सुमे, 'शर्मिंदा' म्हटलं की जास्त होतं का गं?"

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी हरजिंदर मला भेटायला आला. बीजीनं माझ्यासाठी पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, खाऊ पाठवला होता. वहिनी त्या वेळी शेजारी गेली होती, म्हणून चहा मी केला. कप घेऊन येत होते तेव्हा दादाची तयार केलेली सगळी वाक्यं संपून गेली होती आणि तो नुसता बोलत होता.

"मैंने बोला, तुम्हारी गोद में था."

"था तो सही," हरजिंदर म्हणाला. "झूठ थोड़े ही बोला."

"हाँ. सच था. सच था इसलिए तो बोल सका."

ते उत्तर हरजिंदरला अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं. माझा भाऊ आयुष्यभर वस्तू मोजत आला, त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा स्वतःला काट्यावर ठेवलं होतं. हरजिंदरनं माझ्या हातातून चहाचे कप घेतले, एक दादाला दिला, आणि खुर्ची ओढून बसला.

"रविवार को बीजी ने फिर बुलाया है," तो म्हणाला. "भाभीजी को भी. बस से चलेंगे." मग दाराकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "मगर वो बात वहाँ मत निकालना. बीजी को लगता है मैं गाड़ी के नीचे था. उसको कुछ पता नहीं. आप भी मत बताना, बहनजी."

"नाही सांगणार," मी मराठीतच म्हटलं, आणि त्याच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

काकूंना फुलकारीची ओढणी दिली आहे. खरडच्या त्या घरातल्या दोघांनाही मी दिलेला शब्द अजून पाळते आहे. दोघांनाही मराठी वाचता येत नाही, म्हणून एवढं इथे लिहिलं.